विमानाच्या दारापर्यंत

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पोलिसांकडून चौकशीवाला आला, तेव्हा घरात थोरली एकटीच होती. त्याने काखेतली फाइल उघडली, धाकटीचा फोटो चिकटवलेला पासपोर्टचा अर्ज समोर धरला आणि विचारले, "या बाई इथं राहतात?"

धाकटीचा ओला टॉवेल दारामागच्या दोरीवर वाळत होता. तिच्या घरातल्या चपला उंबऱ्याशी होत्या.

"राहते," थोरली म्हणाली, "पण येऊनजाऊन. माहेरीच जास्त असते."

"म्हणजे कायम नाही?"

"कायम नाही."

त्याने लिहून घेतले, तिची सही घेतली, ग्लासभर पाणी प्यायला आणि गेला. सगळे मिळून चार मिनिटे. लग्न होऊन आल्यापासूनच्या चार वर्षांत धाकटी सलग चार दिवससुद्धा माहेरी राहिलेली नव्हती.

दार लावून थोरलीने भाजी चिरायला घेतली.

दोघी सख्ख्या जावा. दोन भाऊ, दोन सुना, सासूबाई, आणि दोन खोल्यांच्या मधोमध एक पॅसेज. दोघी विमानतळावर व्हीलचेअर ढकलायच्या. त्या धंद्यात व्हीलचेअरला नुसती 'खुर्ची' म्हणतात. "आज किती खुर्च्या झाल्या?" असे विचारले की किती माणसे पोचवली ते कळते. थोरलीला अकरा वर्षे झाली होती, धाकटीला दोन. धाकटीला नोकरी थोरलीनेच लावली होती. खुर्चीचा ब्रेक कुठल्या पायाने दाबायचा, उतारावर खुर्ची उलटी कशी घ्यायची, हे सगळे थोरलीनेच शिकवले होते. आणि पहिला नियम म्हणजे प्रवाशाने विचारल्याशिवाय आपण बोलायचे नाही.

काम साधे. काउंटरपासून माणूस उचलायचा, तपासणीच्या रांगा बाजूने ओलांडायच्या, विमानाला जोडलेल्या लांब बोगद्यातून थेट दारापर्यंत न्यायचा. दारात हवाईसुंदरी हसून उभी असते. ती प्रवाशाकडे बघून हसते. प्रवासी आत जातो, खुर्ची रिकामी होते, आणि रिकामी खुर्ची घेऊन परत फिरायचे. थोरली दिवसातून आठनऊ वेळा विमानाच्या दारात उभी राहायची. आत पाऊल टाकायला परवानगी नव्हती. अकरा वर्षांत तिने विमानाच्या आतला जेवढा भाग पाहिला होता तेवढ्यात एक पडदा, एक कॉफीचे यंत्र आणि पुढच्या रांगेतल्या चार रुंद खुर्च्या येत होत्या.

खुर्चीवरून जाणारे सगळेच आजारी नसतात, हेही तिथे सगळ्यांना ठाऊक होते. रांगेत उभे राहायचा कंटाळा असतो आणि खुर्ची मागितली की रांग आपोआप दुभंगते. पलीकडच्या देशात उतरले की निम्म्याहून अधिक प्रवासी आपापल्या पायांनी टुणटुणीत चालू लागतात. "विमान नव्हे गं ते, रामबाण औषध आहे!" असे मुली विश्रांतीच्या खोलीत म्हणायच्या. खरे पाय सुजलेले लोक दुसऱ्या रांगेत असायचे. परदेशी बांधकामावर जाणारे मजूर, दोरीने आवळलेली खोकी घेऊन, फरशीवर बसून. त्यांनी कधी खुर्ची मागितली नाही. ती मागता येते, हेच त्यांना माहीत नव्हते.

अत्तरबाई ही खुर्ची मागणाऱ्यांपैकी. बाईंचे नाव कुणी घेत नसे. त्या यायच्या आधी सुवास यायचा, म्हणून अत्तरबाई. वर्षातून सातआठ फेऱ्या. लेक समुद्रापलीकडे, मुलगा तिसऱ्याच देशात, आणि बाई मोसमानुसार घरे बदलायच्या. आपण कपडे बदलतो तसे. सहा वर्षे त्यांची खुर्ची थोरली ढकलत होती. सहा वर्षांत बाई तिच्याशी तीन वाक्ये बोलल्या: "हळू." "पर्स इकडे दे." आणि एकदा, "नवीन आहेस का?"

मग एका रविवारी थोरलीची सुट्टी होती आणि खुर्ची धाकटीकडे गेली. धाकटीने नियम मोडला. बोगद्यात शिरताच ती बाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, खरं सांगा, तुम्हाला चालता येतं ना?"

अत्तरबाई इतक्या हसल्या की खुर्ची थांबवावी लागली. परतीच्या फेरीत त्यांनी नाव घेऊन धाकटीलाच मागितले. तिसऱ्या भेटीत विचारले, "दोन महिने लेकीकडे चालले आहे. सोबतीला येतेस? तिकीट माझं. माझ्या शेजारी बसायचं."

माझ्या शेजारी बसायचं! म्हणजे पुढच्या रांगेतल्या त्या चार रुंद खुर्च्यांपैकी एक. धाकटीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा थोरली तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अरे वा! छान झालं." आणि मूठभर निवडलेले तांदूळ खड्यांच्या ताटलीत टाकले.

खरी गोष्ट अशी की त्या घरात पासपोर्ट होता तो थोरलीचा. साडेनऊ वर्षांपूर्वी कंपनी काही मुलींना परदेशातल्या विमानतळावर पाठवणार अशी हवा उठली होती. थोरलीने धावपळ करून पासपोर्ट काढला, एक चाकांची निळी बॅगही घेतली. कंपनीने दोघींना पाठवले; एक मॅनेजरची भाची, दुसरी मॅनेजरच्या मेहुणीची मुलगी. पासपोर्ट ठेवणीतल्या कपड्यांखाली गेला, बॅग माळ्यावर गेली, आणि तेव्हापासून त्या बॅगेत जुन्या चादरी होत्या.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "हिच्याकडे पासपोर्ट आहे तर बोलावणं नाही, तिला बोलावणं आहे तर पासपोर्ट नाही."

सासूबाईंनी ते गमतीने म्हटले होते. थोरलीला ते दाढेत अडकलेल्या शेंगेच्या सालासारखे दोन आठवडे बोचत राहिले.

बुधवारी सकाळी धाकटीच्या मोबाइलवर अर्जाची स्थिती बदलली. 'अर्ज स्थगित. पत्त्याची खात्री पटली नाही.' विमान शुक्रवारचे होते. त्या देशाचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, एवढे एक बरे होते. पण पासपोर्टच नसेल तर उतरणार कुठे आणि चढणार कसे?

"पण चौकशीला कुणी आलंच नाही!" धाकटी म्हणाली. "ताई, काल तुम्ही घरी होतात ना? कुणी आलं होतं?"

"मी तर पाहिलं नाही बाई," थोरली म्हणाली. "जरा डोळा लागला होता."

"मग त्यानं शेजारी विचारलं असणार." धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो चुकीच्या जागी पडला. "खालच्या काकू! पाण्याच्या नळावरून माझ्याशी भांडण आहे ना त्यांचं. बघतेच मी."

ती दोनदोन पायऱ्या गाळत खाली गेली. थोरली कठड्याला टेकून ऐकत राहिली.

"काकू, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

"कोण, मी? अगं, तुझ्या पोटाचा पत्ता तरी मला माहीत आहे का?"

"पत्त्याचंच तर झालंय सगळं!"

"हे बघ, बादलीसाठी भांडेन, नळासाठी तुझ्या सात पिढ्या काढेन. पण पोलिसाच्या कागदावर खोटं बोलायला मी काय तुझ्या घरातली आहे?"

जिन्यात दोन मुली हसल्या. थोरलीने कठड्यावरचा हात काढून घेतला.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता अत्तरबाई दुसऱ्या शहरातून परतल्या. धाकटीची पाळी संपली होती. खुर्ची थोरलीकडे आली. सरकत्या जिन्याशी बाई अचानक म्हणाल्या, "तू तिची बहीण ना?"

"जाऊ. थोरली जाऊ, मॅडम."

"तिचं काही जमत नाही म्हणे. तुझ्याकडे आहे का पासपोर्ट?"

थोरलीच्या पायाने आपोआप ब्रेक दाबला. "आहे."

"मग तू चल." बाई आपल्या फोनकडे बघत होत्या. "मला काय, कुणीतरी हवं. सेक्रेटरीकडे उद्या पाठवून दे."

कुणीतरी. दोन आठवडे जिच्या नावाने थोरलीच्या पोटात दुखत होते, तिची जागा बाईंच्या लेखी 'कुणीतरी' एवढीच होती. हे कळल्यावर दुखणे थांबायला हवे होते. थांबले नाही. उलट थोरलीला वाटले, कुणीतरी तर कुणीतरी. पण खिडकीशी मी असेन. बाहेरच्या गाडीपर्यंत खुर्ची नेताना तिने मनातल्या मनात निळ्या बॅगेतल्या चादरी काढल्या, बॅग पुसली, कुठले कपडे न्यायचे तेही ठरवले.

घरी येऊन तिने आधी कपाट उघडले. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता तसाच होता. कोरा, एकही शिक्का नसलेला. फोटोच्या पानावर मुदत छापली होती. चार महिने अकरा दिवस उरले होते.

मुदत सहा महिन्यांहून कमी असेल तर विमानात बसू देत नाहीत. हे थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षे ती काउंटरशेजारी उभी होती. सहा महिन्यांच्या नियमात अडकून रडणारी माणसे तिने शेकड्याने पाहिली होती. "घरून निघतानाच बघायचं असतं हो," असे ती त्यांना हळू आवाजात सांगायची. नियम मोडून बोलायची ती तेवढेच. स्वतःचा पासपोर्ट साडेनऊ वर्षांत तिने अनेकदा हाताळला होता, पण मुदत पाहिली नव्हती. जो पासपोर्ट कुठे जायचाच नाही, त्याची मुदत कोण बघतो?

नवा काढायला चौकशी आलीच, दिवसही हवेत; आणि मध्ये उरला होता एक गुरुवार.

धाकटी तेवढ्यात पॅसेजमधून आत आली. तिला बातमी कळली होती; विमानतळावर भिंतींना कान असतात. तिचे डोळे लाल होते, पण ती म्हणाली, "ताई, मी म्हणते, तुम्हीच जा. मला नाही तर नाही. निदान आपल्या घरातलं कुणीतरी त्या दाराच्या आत बसेल. आल्यावर सांगा मला, पडद्यामागं काय असतं ते."

थोरलीने पासपोर्ट मिटला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. हा चांगुलपणा हिला कुठून परवडतो, याचाही तिला हेवा वाटला.

"माझी मुदत संपत आलीय," ती म्हणाली. "कुणीच जात नाही."

मी नाही तर तीही नाही. हिशेब बरोबर सुटला होता. त्या संध्याकाळी थोरली पोटभर जेवली.

गुरुवारी दुपारी दोन वाजता समुद्रापलीकडच्या दोन देशांत लढाई पेटल्याची बातमी आली. मधले आकाश बंद झाले. पाटीवरची विमाने एकामागून एक लाल झाली. तासाभरात मोठ्या हॉलमध्ये उभे राहायला जागा उरली नाही. पुढच्या रांगांचे प्रवासी होते त्यांना कंपनीने थंडगार बसमध्ये घालून हॉटेलांत हलवले. त्यांच्या बॅगाही मागोमाग गेल्या. मजूर होते तिथेच राहिले. त्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या, त्याही दोघांत एक. ज्या गावाला ते कामासाठी निघाले होते तिथेच धूर निघताना हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर दिसत होता, आणि त्यांतला एक जण खोक्यावर बसून शेजाऱ्याला विचारत होता, "गेलो नाही तर तिथली जागा दुसऱ्याला देतील का रे?"

थोरली त्याच्यासमोरून रिकामी खुर्ची घेऊन गेली. त्याचा प्रश्न तिला नेमका कळला.

अत्तरबाईंचे शुक्रवारचे विमान मंगळवारवर गेले. वळसा घालून जाणार, दुपारी एक चाळीसला सुटणार. दूरवर कुणाच्या छपरांवर बॉम्ब पडले म्हणून या घराला चार दिवस मिळाले होते, आणि मिळालेल्या दिवसांचे कुणाला काही करायचे नव्हते.

संध्याकाळी सुपरवायझर विश्रांतीच्या खोलीत आला. "अत्तरबाईंच्या सेक्रेटरीचा फोन होता. तुम्हा दोघींचं नाही ना जमत? मग मी दुसरं नाव दिलं. चष्मेवालीचं."

चष्मेवाली कोपऱ्यात चहात बिस्कीट बुडवत होती. दुसऱ्या पाळीची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. खुर्ची उतारावर सरळ घेते. ब्रेक न लावता प्रवाशाला उठवते. पासपोर्ट मात्र ताजा, दहा वर्षांच्या मुदतीचा.

"अगं, अभिनंदन कर की माझं!" चष्मेवाली थोरलीला म्हणाली. "काय येतं गं त्या पुढच्या रांगेत खायला? तुला माहीत असेल, तू तर अकरा वर्षं दारात उभी आहेस."

खोलीत हशा पिकला. थोरलीही हसली. पण रिकामी खुर्ची मागे नेऊन लावताना तिला जाणवले की दोन आठवडे तिच्या पोटात जो विस्तव होता तो विझलेला नाही, त्याने फक्त तोंड फिरवले आहे. धाकटी गेली असती तर निदान ती थोरलीने शिकवलेली होती. थोरलीने लावलेल्या नोकरीतून गेली असती. "आमच्या घरातली गेली," असे म्हणता आले असते. आणि आता? दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपले नाक कापून घ्यावे, आणि शकुन मात्र तिसरीला लाभावा!

शुक्रवारी सकाळी दहाला ती चौकशीच्या कार्यालयात गेली. तोच माणूस टेबलाशी होता. त्याने तिला ओळखले नाही. रोज वीस दारे बघणाऱ्याला एक दार कशाला लक्षात राहील?

"मंगळवारी मी जबाब दिला होता. तो चुकीचा आहे," ती म्हणाली. "माझी जाऊ तिथंच राहते. कायम. चार वर्षं."

त्याने फाइल शोधली, वाचली, चष्म्यावरून पाहिले. "मग तेव्हा खोटं का सांगितलंत?"

"रागात."

"कसला राग?"

"घरगुती."

"कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहू?"

"लिहा."

"बाई, मला तीस वर्षं झाली या खात्यात," तो लिहितालिहिता म्हणाला. "शेजारी खोटं बोलतात ते मी धरूनच चालतो. घरातल्यांचं मात्र आम्ही खरं मानतो. ही आमची चूक." मग त्याने कागद तिच्याकडे वळवला. "फेरचौकशी लागेल. मी सोमवारी येईन. आणि एक गोष्ट. दुसरा जबाब पहिला खोडून काढतो, म्हणून दोन्हींची प्रत अर्जदाराला द्यावी लागते. निकाल काहीही लागो, निकालाच्या पाकिटात जाते. नियम आहे."

"तिला? तिच्याच हातात?"

"तिच्याच."

थोरलीने पेन उचलले, पुन्हा ठेवले. बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकत होते. तिला चष्मेवालीचे बिस्कीट आठवले, चहात बुडून तुटलेले. तिने सही केली.

त्या दिवशी घरी येऊन तिने एवढेच सांगितले, "मी जाऊन विचारून आले. सोमवारी परत येणार आहेत म्हणाले."

धाकटीने तिला मिठीच मारली. "ताई, तुम्ही माझ्यासाठी सुट्टी टाकलीत?"

"सोड, सोड. दूध उतू जाईल," थोरली म्हणाली. गॅसवर दूध नव्हते.

शनिवारी धाकटीने खाली जाऊन काकूंची माफी मागितली. काकू म्हणाल्या, "मी तुला माफ केलं. पण खोटं बोललेलं माणूस कोण, ते शोध बाई. ते अजून या बिल्डिंगमध्येच आहे." धाकटीने हे वर येऊन हसत सांगितले. सासूबाई हसल्या. थोरली पाणी भरायला उठली.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला चौकशीवाला आला. धाकटी कामावर होती. त्याने तोच अर्ज समोर धरला, तोच प्रश्न विचारला. थोरलीने त्याला आत बोलावले. दोरीवरचा टॉवेल, चपला, भिंतीवरचा लग्नाचा फोटो, सगळे दाखवले. सासूबाईंनीही सही केली. या वेळी तो पाणी न पिता गेला.

तो गेल्यावर थोरलीने स्टूल घेऊन माळ्यावरची निळी बॅग खाली काढली. चादरी काढल्या, ओल्या फडक्याने धूळ पुसली, चाके फिरवून पाहिली. एक चाक किंचित अडकत होते. बॅग धाकटीच्या खोलीत न्यायची म्हणून ती निघाली आणि पॅसेजच्या मध्यावर थांबली. अजून एकदाही प्रवासाला न गेलेली बॅग. तिने ती तिथेच भिंतीला टेकवून ठेवली.

सोमवारी संध्याकाळी पावणेसहापर्यंतची माहिती अशी: मोबाइलवर अर्जापुढे 'फेरचौकशी पूर्ण, निर्णय बाकी' असे दिसते आहे. निर्णय झाला तर पासपोर्ट उद्या सकाळी नऊला तातडीच्या खिडकीवर मिळेल. अत्तरबाईंच्या सेक्रेटरीने एका फोनवर तेवढी सोय करून ठेवली आहे. धाकटीने फेरचौकशीचे कळवल्यावर बाईंनी धाकटी आणि चष्मेवाली दोघींची नावे राखली आहेत. जी वेळेवर येईल ती जाईल. पाकिटात दोन जबाबांच्या प्रती असतील. आकाश अजून अर्धेच उघडले आहे. विमान वेळेवर आहे. धाकटी पाळी संपवून घरी यायला निघाली आहे. बॅग पॅसेजमध्ये आहे.